बनारसच्या काकांचं सुतक

आमच्या सुरतेच्या गोलवाडात कुणाला चोर म्हटलं तर तो हसण्यावारी नेतो. कंजूष म्हटलं तर मात्र आठ दिवस बोलत नाही. तरुलताबेनला गेली बरीच वर्षं सगळी गल्ली कंजूष म्हणते, आणि ती भांडत नाही की अबोला धरत नाही. लोकांना आधी याचंच नवल वाटायचं. आता सवय झाली आहे.

कंजूष म्हणण्याचं कारण आहे घारी. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदी पडव्याला, सुरतेत घराघरात घारीचे डबे उघडतात. आत मावा नि पिस्ते, वरून तुपाचा पांढरा थर. एक खाल्ली की माणसाने भिंतीला टेकून बसावं अशी ती वस्तू, आणि आमच्याकडची माणसं तीन-तीन खातात, तोंडी लावायला भुसूची, म्हणजे तिखट फरसाणाची, मूठ. तरुबेन घारी खात नाही. कुणी ताटली पुढे केली तर कपाळाला लावते आणि बाजूला ठेवते. समोरच्या जशुबेन तर तोंडावर म्हणतात, "देवाला दाखवलेला नैवेद्यसुद्धा ही दुसऱ्या दिवशी वाण्याला विकत असेल."

मी नंदुरबारहून लग्न होऊन आले ती तरुबेनच्याच घराच्या माळ्यावर, भाड्याने. तेव्हाची तरुबेन मला चांगली आठवते. सकाळी स्टोव्ह पेटवून नाश्ता करणं हे तिच्या मते घरात कुणी आजारी असल्याचं लक्षण होतं. डाळीचा वाफवलेला लोचो गरम असतानाच खायचा, म्हणून तिचे यजमान ठाकोरभाई स्कूटर बंद न करताच दुकानासमोर उभे राहायचे. हँडलला लटकलेलं पुडकं बघून जशुबेन ओट्यावरून सांगायच्या, आज खमण आहे की सेव. रविवारी संध्याकाळी चूल पेटली तर तरुबेनला गुदमरायचं. थंडीत नदीकाठी पोंक, म्हणजे आपला हुरडा, आणि उतराणीला, म्हणजे संक्रांतीला, उंधियुं. एकदा मी आदल्या रात्रीची भाकरी दुधात कुस्करून खात होते, तर तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला वाटलं आता ही माझ्या आईला पत्र लिहिणार.

हा निव्वळ जिभेचा चोचला नव्हता. ठाकोरभाईंचा धंदा जरीचा. चांदीची तार ओढायची, चपटी करायची, रेशमावर गुंडाळायची आणि वर सोन्याचं पाणी चढवायचं. चांदी यायची चोकसीशेठकडून, उधारीवर, नुसत्या शब्दावर. शेठ कधी वही उघडून विचारत नसत. रस्त्यात भेटले की म्हणायचे, "काय ठाकोरभाई, काल काय हाणलं?" ठाकोरभाई पदार्थ सांगायचे, शेठ मान डोलवायचे, दुसऱ्या दिवशी चांदी यायची. ज्याच्या घरी पुडकं येत नाही त्याचा हात आखडला, आणि ज्याचा हात आखडला त्याला चांदी देणारा शेठ सुरतेत जन्मायचा आहे.

असं असताना कांचीपुरमचा एक व्यापारी दोन मोसमांचा माल घेऊन बुडाला. त्याच वर्षी मुलीचं लग्न नवसारीला थाटात झालं होतं. ठाकोरभाईंनी भागळच्या एका सावकाराकडून व्याजाने पैसे काढले आणि घराचे कागद त्याच्याकडे ठेवले. ते घरही अर्धंच त्यांचं. अर्धं काकांचं. मोतीकाका जरीच्या धंद्यापायी तरुणपणीच बनारसला गेले आणि तिथेच राहिले. जाताना घराचा आपला हिस्सा पुतण्याला नुसता तोंडाने देऊन गेले. ठाकोरभाईंचे वडील लहानपणीच वारले होते. त्यांना तापीवर पोहायला नेणारे, तार ओढताना हात कापला की त्यावर हळद दाबणारे, हे काकाच.

कर्ज फेडायचं तर खर्च तोडायला हवा, आणि खर्च तोडलेला दिसला तर धंदा बसणार. या कात्रीत नवरा-बायको सापडली. सुरुवातीला तरुबेनने एक युक्ती काढली. खमण घरीच करायचं, दुकानाच्या जुन्या कागदात बांधायचं, ठाकोरभाईंनी ते पिशवीत लपवून बाहेर न्यायचं आणि हातात धरून घरी आणायचं. महिनाभर हे चाललं. कागद तेलाने पारदर्शक झाला, त्यावरचं दुकानाचं नाव पुसलं गेलं. स्कूटर विकली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं सांगून झालं. जशुबेन म्हणाल्या, "डॉक्टरनी चालायला सांगितलं तर कुणी स्कूटर विकतं का? उद्या दात दुखला तर जबडा विकाल."

पण चांदी पडवा आला आणि युक्त्या संपल्या. घारीची सोंगं करता येत नाहीत. प्रत्येक घराने प्रत्येक घरी ताटली पाठवायची असते, आणि दुकानाची घारी कुठली नि घरची कुठली हे इथलं लहान मूलही सांगतं. त्या वर्षी साऱ्या गल्लीला घारी वाटायची म्हणजे सावकाराचा त्या महिन्याचा हप्ता चुकवायचा, आणि हप्ता चुकला तर कागद गेले.

दुपारी तरुबेन ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. समोरून जशुबेन घारीचे डबे घेऊन आल्या, थांबल्या, तिच्या दारात डोकावल्या. डबा नाही, भुसूचा वास नाही. जशुबेनच्या डोक्यात एकच गोष्ट आली. चांदी पडव्याला घारी न आणणारं घर म्हणजे सुतकातलं घर. त्यांनी हातातले डबे खाली ठेवले आणि आवाज खाली आणून विचारलं, "तरु, कोण गेलं?"

तरुबेन मला नंतर म्हणाली, मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. तिने विचारलं, आणि उत्तर तोंडात तयार होतं, जणू कुणीतरी आधीच आणून ठेवलं होतं.

"बनारसचे काका," ती म्हणाली.

मी माळ्यावर होते. खालून बायकांनी गळा काढलेला ऐकला तेव्हा माझ्या हातातली वाटी पडली. मला वाटलं, ठाकोरभाई. मी धावत खाली आले तर बैठकीच्या खोलीत पांढऱ्या साड्यांची रांग लागलेली. बाहेर ओट्यावर मयताच्या पांढऱ्या टोप्या घातलेले पुरुष. कोपऱ्यात तरुबेन, पदर नाकापर्यंत ओढलेला. मी तिचा हात धरला. बर्फासारखा गार. ती रडत नव्हती. बायका एकमेकींना सांगत होत्या, धक्का बसलाय बिचारीला, तिला रडवा कुणीतरी. धक्का बसला होता हे खरंच होतं. तिला तिच्याच जिभेचा बसला होता.

तेवढ्यात ठाकोरभाई कारखान्यातून चालत आले. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना टोप्या दिसल्या. ते कसे आले ते मी दारातून पाहिलं. एक चप्पल मागेच राहिली होती. दारात उभं राहून त्यांनी आधी कोपऱ्यात पाहिलं, बायको जिवंत आहे हे पाहिलं, आणि मग सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मोतीकाका गेले, भाई. बनारसला."

ते पायरीवरच बसले. मोठा माणूस असा रडताना गल्लीने त्याआधी पाहिला नव्हता. गुडघ्यात डोकं घालून, लहान मुलासारखे हुंदके. जशुबेनचे यजमानसुद्धा टोपी काढून डोळे पुसायला लागले. आणि कोपऱ्यात तरुबेन पदराआडून नवऱ्याकडे बघत होती. एवढ्या माणसांत तिला उठून सांगता येत नव्हतं की अहो, रडू नका, काका आहेत.

सगळे पांगल्यावर तिने नवऱ्याला खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती माळ्यावर आली, दार लावून घेतलं आणि मला सगळं सांगितलं. "तुम्ही आमच्या न्यातीतल्या नाही, म्हणून तुमच्याजवळ ठेवते," म्हणाली. मरण असं ओट्यावर बसून कुणी जन्माला घालतं, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"ठाकोरभाई काय म्हणाले?" मी विचारलं.

"आधी एवढंच म्हणाले, म्हणजे आहेत? मी म्हटलं, आहेत. मग तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, उद्या सगळ्यांना सांगून टाकू, निरोप चुकीचा होता म्हणून."

पण त्या दिवशी सकाळपासूनच शेजारच्या घरांतून खिचडी-कढीची पातेली येत होती, आणि दुपारी स्वतः चोकसीशेठ पांढरं धोतर नेसून आले. ठाकोरभाईंचा हात हातात घेऊन बसले. म्हणाले, काशीत देह ठेवला म्हणजे मोक्षच झाला, रडू नका. आणि उठताना हळूच म्हणाले, "चांदीच्या पैशाची घाई नाही. वर्ष निघू द्या."

ठाकोरभाईंनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. त्यानंतर सांगायचं राहूनच गेलं.

कुणी विचारलं, बाराव्याचं जेवण कधी? तरुबेनची जीभ आता सरावली होती. "काशीत गेलेल्याचं बारावं काशीतच होतं," ती म्हणाली, आणि बायकांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, काकाचं सुतक ते केवढं, सव्वा महिना पाळलात तरी पुरे. त्यावर ठाकोरभाई म्हणाले, "मला ते वडीलच. मी वर्षभर पाळणार." हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला, आणि तो खोटा नव्हता. खोटं फक्त मरण होतं.

मग जे वर्ष गेलं त्याने मला थक्क केलं. मेल्या माणसाच्या नावावर एक घर सावरू लागलं. दिवाळी नाही, नवे कपडे नाहीत, मिठाई नाही. लग्नसराईत पत्रिका यायच्या आणि देणाराच म्हणायचा, तुम्ही येणार नाही, ठाऊक आहे, रीत म्हणून दिली. तरुबेनला आहेराचं एकही पाकीट भरावं लागलं नाही. बाहेरचं पुडकं आणलं तर उलट नाव ठेवतील म्हणून सकाळी घरात थेपले व्हायला लागले. ठाकोरभाई कारखान्यात डबा नेऊ लागले. चोकसीशेठ रस्त्यात भेटले की आता काय हाणलं म्हणून विचारत नसत. "जेवता ना नीट?" असं विचारत.

तरुबेन खिचडीत लसूण चुरचुरीत करायला शिकली, उरलेल्या भाताचे मुठिये करायला शिकली. एकदा मला म्हणाली, "भाभी, खरं सांगू? एवढी वर्षं आम्ही भुकेसाठी खातच नव्हतो, जशुबेनसाठी खात होतो." सावकाराचा हप्ता वेळेवर जात होता. आम्ही दोघी दुपारी माळ्यावर बसून भाजी निवडायचो, आणि कधीकधी तिला हसू यायचं. हसता हसता ती पदर तोंडाशी धरायची, कारण सुतकातल्या बाईचं हसणं खाली ऐकू जायला नको.

ते हसू उतराणीच्या आधी बंद झालं.

कारखान्यात फोन होता. त्यावर बनारसहून फोन आला. काका स्वतः बोलत होते. ठाकोरभाईंनी घरी येऊन तरुबेनला सांगितलं, आणि तिने मला.

"दीकरा, या उतराणीला येतो," काका म्हणाले होते. "दात राहिले नाहीत. उंधियुं चावायचं तर आत्ताच."

ठाकोरभाई म्हणाले, "काका, या वर्षी नको. घराचं काम काढलंय. पुढच्या उतराणीला या."

काका हसले. "पाड, बांध, काय करायचं ते कर. माझ्यापुरत्या चार भिंती ठेव म्हणजे झालं."

त्या दिवशी ठाकोरभाई जेवले नाहीत. तरुबेनने ताट पुढे केलं तर बाजूला सारलं आणि म्हणाले, "जिवंत माणसाला सांगून आलो, येऊ नको, आमच्याकडे तू मेलायस." तरुबेन म्हणाली, एकदा कर्ज फिटू द्या, आपणच जाऊ. आणि तेव्हापासून तिने काटकसरीतून आणखी एक काटकसर काढली. दुधावरची साय जमवून तूप विकायला लागली. ते पैसे वेगळे. बनारसच्या तिकिटांचे. चांदी पडव्याला वर्ष पुरं होईल, सुतक सुटेल, आणि त्याच आठवड्यात घारीचा डबा घेऊन काकांकडे जायचं. दात नसले तरी घारी जिभेवर विरघळते, असं ती म्हणायची. घरी बोलवता येत नाही, तर घर घेऊन जाऊ.

आणि खरोखर तसंच जमत आलं. पितृपक्ष संपता संपता शेवटचा हप्ता गेला. घराचे कागद परत आले. ते तरुबेनने देवाजवळ ठेवले, आणि त्यांच्यावर बनारसची तिकिटं. चांदी पडव्याच्या दिवशी तिने वर्षभराने पहिल्यांदा दुकानाची घारी आणली. एक डबा गल्लीसाठी. दुसरा, दोऱ्याने घट्ट बांधलेला, कोनाड्यात. मला उघडूनही दाखवला नाही. "तो वाटेवरचा आहे," म्हणाली. किती दिवसांनी तिचे डोळे असे लकाकत होते.

संध्याकाळी शोक मोडायला बायका आल्या. शोक कुणी आपणहून मोडायचा नसतो, शेजाऱ्यांनी येऊन गोड भरवायचं असतं. जशुबेन पुढे. त्यांनी तरुबेनचा पांढरा पदर काढायला लावून तिला रंगीत साडी नेसवली, तिच्या तोंडात घारीचा तुकडा घातला. कुणीतरी रेडिओ लावला. पुरुष ओट्यावर भुसू खात बसले. ठाकोरभाईंची वाट पाहणं चाललं होतं.

ते उशिरा आले. ओट्याखालीच थांबून त्यांनी पाय धुतले. मग वर आले आणि मधोमध बसले. जशुबेनने अख्खी घारी उचलून त्यांच्या तोंडाशी धरली.

"खा, भाई. वर्ष झालं. काकांचा जीव तृप्त होऊ दे."

ठाकोरभाईंनी तोंड उघडलं. घास घेतला. फार वेळ चावत राहिले, जिभेवर विरघळणारी वस्तू माणूस का चावतोय ते मला कळेना. मग गिळला आणि म्हणाले, "चांगली आहे." जशुबेन म्हणाल्या, अजून घ्या. त्यांनी अजून घेतली. सगळ्यांनी त्यांना भरवली, आणि त्यांनी एकालाही नाही म्हटलं नाही.

मी तरुबेनकडे पाहिलं तर ती त्यांच्या डोक्याकडे बघत होती. मग मलाही दिसलं. केस ओले होते. कानामागून पाण्याची धार गळ्यापर्यंत आली होती. संध्याकाळी, कारखान्यातून येताना, माणूस डोक्यावरून आंघोळ कशासाठी करतो हे घरच्या बाईला शिकवावं लागत नाही. तिच्या हातातली ताटली कलली आणि घारीचे तुकडे चादरीवर पडले. जशुबेन हसून म्हणाल्या, बघा, वर्षाची सवय, ताटली धरायलासुद्धा विसरली.

माणसं जायला बराच वेळ लागला. तरुबेनने प्रत्येकीच्या हातावर घारी ठेवली. शेवटची बाई गेल्यावर तिने दार लावलं. मी जिन्याकडे निघाले तर तिने माझं मनगट धरून ठेवलं.

ठाकोरभाई भिंतीकडे बघून म्हणाले, "दुपारी. जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. त्यांच्या शेजाऱ्याचा फोन होता."

समोरच्या गच्चीवर लोक चांदण्यात हसत होते. मी वाट पाहत होते की आता हे रडतील. त्यांनी गुडघे पोटाशी घेतले, डोकं खाली घातलं, अगदी तसंच, गेल्या वर्षी पायरीवर घातलं होतं तसं. पण आवाज आला नाही. त्यांनी परत डोकं वर केलं तेव्हा डोळे कोरडे होते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं, जणू घरातली वस्तू ठेवल्या जागी नसावी.

"आता कुणाला सांगायचं?" तरुबेनने विचारलं.

"त्यांचं सांगून झालंय," ते म्हणाले.

तिने ती रंगीत साडी बदलली नाही. बदलता येत नव्हती, सकाळी गल्ली बघणार होती. ती त्याच साडीत उठली, मागच्या वर्षी जिथे बसली होती त्याच कोपऱ्यात जाऊन बसली आणि तोंडावर पदर ओढला. मग तिने स्वतःच रेडिओचा आवाज वाढवला आणि त्याच्या आड एकटीने गळा काढला. सगळ्या बायकांच्या वाटचं ती एकटी रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. माझ्याशिवाय दुसरं कुणी येणार नव्हतं.

तिकिटं वाया गेली नाहीत. दोन दिवसांनी ती दोघं बनारसला गेली, अस्थी सोडून आली. गल्लीत सांगितलं, काकांच्या वर्षश्राद्धासाठी काशीला जातो. सगळ्यांनी कौतुक केलं. जशुबेनने गंगेत टाकायला नाणं दिलं, काकांच्या नावाचं. दोऱ्याने बांधलेला डबा तरुबेन सोबत घेऊन गेली होती. त्याचं काय केलं ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

कर्ज फिटलं त्याला आता बरीच वर्षं झाली. ठाकोरभाईंचा धंदा बरा चालतो. घरात सकाळी थेपलेच होतात, डबा जातोच, पुडकं कधीतरी पाहुणे आले तर. चोकसीशेठना आता त्याचं काही वाटत नाही. लोक म्हणतात, शोकात हात आखडला तो सुटलाच नाही. चांदी पडव्याला मात्र तरुबेन साऱ्या गल्लीला घारी वाटते, आणि स्वतः तोंडाला लावत नाही. ठाकोरभाई खातात. कुणी दिली तर नाही म्हणत नाहीत, त्या दिवसासारखे सावकाश चावतात.

या वर्षी जशुबेन ताटली घेऊन आल्या, तरुबेनने नेहमीसारखी कपाळाला लावून बाजूला ठेवली. जशुबेन आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, पण जीभ तशीच. साऱ्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दरवर्षी पडव्यालाच कसं गं तुझ्याकडे सुतक? कोण गेलंय तरी?"

तरुबेन तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली.

"बनारसचे काका," ती म्हणाली.

अख्खा ओटा खो-खो हसला. जशुबेनला तर हसता हसता ठसका लागला, आणि तरुबेनच उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.